शंभर टक्के

चंद्रभान गजभिये पडला तेव्हा त्याची बायको मनकर्णा त्याच जिनिंगच्या आवारात, पन्नास पावलांवर, कापसातला कचरा निवडत बसली होती. शहात्तर सालचा पौष होता. ऊन पडलं होतं पण जमीन अजून गार होती, म्हणून बायांनी बुडाखाली पोती घेतली होती. कापसाच्या गठाणींची थप्पी पाच थर उंच लागली होती आणि ट्रक भरायची घाई होती. वरच्या थरावर चंद्रभान आणि त्याचा चुलतभाऊ आनंदराव, दोघं आकडा लावून गठाण ढकलत होते. खालून कोणीतरी मधलीच गठाण ओढली. थप्पी पोटातून सरकली. आनंदरावाच्या हाताला ट्रकचा दोर लागला, तो लोंबकळला. चंद्रभानाच्या हाताला काही लागलं नाही. तो पाठीवर आला, आणि पाठ ओट्याच्या कडेवर आली.

मनकर्णा धावत गेली तेव्हा तो डोळे उघडे ठेवून वर बघत होता.

"लागलं का जी?" तिनं विचारलं.

"नाई वं. पन पाय कोठी गेले माहे?"

चौघांनी त्याला हातापायांना धरून उचललं. मधे तो पोत्यासारखा वाकला आणि त्यानं एकदाच आवाज काढला. त्यानंतर त्याची शुद्ध गेली. रिकाम्या ट्रकमध्ये सरकीवर घालून त्याला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बरोबर मनकर्णा आणि जिनिंगचे दिवाणजी मधुकरराव.

दवाखान्याच्या खिडकीशी मधुकररावांनीच सगळं सांगितलं. नाव, गाव खाप्याजवळचं, वय चाळीस. मग ते मनकर्णाकडे वळले आणि हळू बोलले, "हे पाय, जिनिंगमध्ये पडला म्हनून लिहिलं तं पोलीस केस होते. पोलीस येईस्तोवर डाक्टर हात लावत नाई. झाडावरून पडला लिहू?"

चंद्रभान दवाखान्याच्या ढकलगाड्यावर पडला होता. तोंडाला फेस येऊन वाळला होता. मनकर्णा म्हणाली, "काहीबी लिहा जी, पन त्याईले आत घ्या."

तिनं अंगठा दिला. शाई तिनं लुगड्याला पुसली.

तीन महिन्यांनी त्याला घरी सोडलं. डॉक्टर खूप इंग्रजीत बोलले. मराठीत एवढंच म्हणाले की पाठीवर जास्त वेळ ठेवू नका, दोन-दोन तासांनी कूस बदला, नळी महिन्याला बदला. पाय कधी येतील हे मनकर्णानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते पुढच्या खाटेकडे गेले होते.

मग घरातले दिवस सुरू झाले. मनकर्णा अंधार असतानाच उठायची. पहिल्यांदा त्याची कूस बदलायची. तो अंगानं मोठा होता, हमालाचं अंग. कमरेखाली ते आता ओल्या लाकडासारखं जड झालं होतं. एक हात खांद्याखाली, एक मांडीखाली घालून ती त्याला भिंतीकडे ओढायची. मग नळीची बाटली रिकामी करायची. आतडं साफ करायची वेळ सकाळची होती. त्याला स्वतःला कळत नसे, म्हणून बोटानं काढावं लागे. तेवढा वेळ तो हाताच्या कोपरात तोंड घालून पडायचा. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण त्या वेळात दोघं एकमेकांशी बोलत नसत.

वैशाखात माकडहाडावर जखम झाली. आधी कातडी लाल, मग काळी, मग खड्डा. त्यात लिंबू मावेल एवढा. मनकर्णा कडूलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुवायची, दवाखान्यातली पट्टी भरायची. घरात एक वास राहायला लागला. भाकरीलाही तो यायचा.

चंद्रभानची आई प्रयागबाई सत्तरीकडे झुकलेली. छप्पन साली ती पोराला आणि नव्या सुनेला बरोबर घेऊन चालत नागपूरला गेली होती, दीक्षा घेतली होती, आणि परत आल्यावर देव्हाऱ्यातले टाक कन्हान नदीत सोडले होते. आता शेजारणी म्हणायच्या, अमक्या बाबाकडे न्या, तमका उतारा करा. ती म्हणायची, "सोडलेल्या देवाच्या दारात मी परत नाई जात." देव तिनं सोडले होते, पण पोराच्या पायांवर तिचा विश्वास होता. आणि तिला पुरावा मिळाला होता.

पावसाच्या सुरुवातीला एका दुपारी चंद्रभानचा उजवा पाय आपोआप उचलला गेला, गुडघ्यात वाकला आणि धाडकन बाजेवर आपटला. मग दोन्ही पाय थरथरायला लागले. बाज वाजू लागली.

"हालला!" म्हातारी ओरडली. "मनकर्णा, पाय हालला वं! धाव!"

मनकर्णा चिखलाच्या हातांनी आत आली. तिघं त्या पायांकडे बघत राहिली. ते पाय कुणाचं न ऐकता नाचत होते आणि मग थांबले.

"तुमी हालवले का?" तिनं विचारलं.

चंद्रभान म्हणाला, "हालवायचं मनात होतं."

त्या दिवसापासून रोज पाय उडायचे. कधी पांघरूण फेकायचे, कधी नळी ओढली जाऊन रक्त यायचं. तरी घरात कोणी त्याला आजार म्हणत नव्हतं.

मनकर्णाला जिनिंगमध्ये पुढच्या हंगामातही काम मिळत होतं. दुपारच्या सुट्टीत धावत येऊन ती त्याची कूस बदलून जायची. त्याच हंगामात विहारातल्या एका सभेला नागपूरचे मेश्राम वकील आले. आनंदरावानंच त्यांना घरी आणलं. वकिलांनी बाजेशेजारी खाली बसून सगळं ऐकलं.

"कामावर पडलेल्या मानसाले भरपाई द्याचा कायदा आहे," ते म्हणाले. "हक्काची आहे, भीक नाही. पन दोन वर्साच्या आत अर्ज कराव लागते. कामावर होता हे कोन सांगन?"

"मी सांगतो ना," आनंदराव म्हणाला. "माह्या बाजूलेच होता."

वकिलांनी अर्ज लावला. जिनिंगला नोटीस गेली आणि तिसऱ्या दिवशी फाटकावरच्या माणसानं मनकर्णाला आत सोडलं नाही. "दिवाणजीनं सांगतलं, तुले काम नाई." मागच्या बायका तिच्या बाजूनं वळसा घालून आत गेल्या. एकीनंही मान वर केली नाही. ती त्याच रस्त्यानं पुढे पाटलाच्या वावरात तुरी सोंगायला गेली. त्या दिवशी दुपारी तिला घरी येता आलं नाही. संध्याकाळी जखमेला पुन्हा पू होता.

जिनिंगचं उत्तर आलं. वकिलांनी ते वाचून दाखवलं. चंद्रभान नावाचा माणूस त्या दिवशी हजेरीपटात नाही. दवाखान्याच्या कागदावर तो झाडावरून पडल्याचं लिहिलं आहे आणि खाली बायकोचा अंगठा आहे.

चंद्रभाननं मान फिरवून मनकर्णाकडे बघितलं. हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

"कोन्या झाडावरून पडलो मी?" त्यानं विचारलं.

वकील म्हणाले, "अंगठा नाकारू नको बाई. जसं झालं तसं सांगजो."

थोड्या दिवसांनी मधुकरराव घरी आले. दारातच त्यांनी रुमाल नाकाला लावला, मग लाज वाटून काढला. प्रयागबाईनं त्यांना पाट दिला.

"शेठ वाईट मानूस नाई," ते म्हणाले. "मनकर्णाले बारमाही काम देतो म्हनते. घरपोच औषधं देतो. तू फक्त अर्ज मागं घे. चंद्रभान, कोर्टात गरीब मानूस म्हातारा होते, बापू."

"मंग लिहून द्या, मी जिनिंगमधी पडलो," चंद्रभान म्हणाला.

"ते कसं लिहून देऊ गा?"

"तुमी तं होते ना दिवाणजी. तुमीच ट्रक बोलावला."

तेवढ्यात चंद्रभानचे पाय उडाले. पांघरूण खाली पडलं, बाजेच्या लाकडी गाताला टाच आपटली. प्रयागबाई आनंदानं म्हणाली, "पाहा पाहा बाबूजी, असे रोज हालते. माहा पोरगा उभा राहते आता."

मधुकरराव उठले. त्यांनी ते नीट बघून घेतलं होतं.

तारखा पडत गेल्या. कोर्टाचे साहेब रजेवर, जिनिंगचा वकील आजारी, कागद आले नाहीत. मनकर्णा प्रत्येक तारखेला एका दिवसाची मजुरी सोडून नागपूरला जायची आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसून परत यायची. चंद्रभान दिवसभर छपराच्या कवेलूंकडे बघायचा. एकदा त्यानं तिला जवळ बोलावलं, म्हातारीला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "मले एक भेव वाटते."

"कायचं?"

"खटल्याच्या आधीच मी उभा राहिलो तं? मंग साहेब म्हनन, चालते तं हा."

मनकर्णा हसली. किती तरी दिवसांनी हसली. "उभे राहा तुमी आधी. मंग पाहू खटल्याचं."

"नाई, पन समजा ना."

"समजा उभे राहिले, तं तारखेच्या दिवशी झोपून जाजा."

तोही हसला. त्याच्या मनात मात्र ते खरंच होतं.

एकोणऐंशीच्या माघात साहेबांनी सांगितलं की अर्जदाराला समोर आणा. बसमध्ये आडवा माणूस कोणी घेईना. शेवटी संत्र्याच्या ट्रकवाल्यानं होकार दिला. पहाटे पाच जणांनी चंद्रभानला बाजेसकट उचलून पेट्यांवर ठेवलं, बाज दोरीनं बांधली. मनकर्णा त्याचं डोकं मांडीवर धरून बसली. आनंदराव येणार होता. त्याच्या घराला आतून कडी होती. हाक मारल्यावर त्याची बायको दार उघडून म्हणाली, "ते तं कालच नागपूरले गेले." आणि आत निघून गेली.

सडकेच्या खड्ड्यांत बाज उडायची. संत्र्यांचा वास इतका दाट होता की त्याखाली दुसरा वास लपला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा चंद्रभान घराबाहेर पडला होता. तो आभाळ बघत होता. "किती मोठं आहे वं," तो म्हणाला. मग म्हणाला, "आनंद येईन. तो तसा नाई."

कोर्ट माडीवर होतं. जिना अरुंद, बाज वळेना. साहेब वरून खाली आले, पट्टेवाल्यानं जिन्याखाली खुर्ची-टेबल लावलं. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. जिनिंगचा वकील टेबलाच्या पलीकडच्या कडेला उभा राहिला, जिथून वारा बाजेकडे जात होता आणि वास त्याच्यापर्यंत येत नव्हता.

जिनिंगच्या बाजूनं मधुकरराव होते आणि मधुकररावांच्या मागे आनंदराव. त्याच्या अंगात नवा सदरा होता. घडीच्या रेघा मोडल्या नव्हत्या.

चंद्रभाननं त्याला बघितलं.

आधी मनकर्णाला विचारलं.

"हा अंगठा कोणाचा?"

"माहा जी."

"कागदावर काय लिहिलंय माहीत होतं?"

"माईत होतं. झाडावरून पडला लिवलं होतं."

"म्हणजे तू सरकारी दवाखान्यात खोटं सांगितलंस?"

"हाव जी," ती म्हणाली. "दिवाणजी म्हने, नाई तं डाक्टर हात लावत नाई. मले वाटलं, मानूस जगाव. मंग झाडाचं काय, मी तं विहिरीत पडला म्हटलं असतं."

मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी वर बघितलं तेव्हा हसणं थांबलं.

मधुकररावांनी सांगितलं की तो त्या दिवशी कामावर नव्हता, आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी अर्जदाराचे पाय हालताना पाहिले आहेत. जणू त्यांना साक्ष द्यायलाच त्याच वेळी चंद्रभानचे पाय उडाले. गुडघे वर आले, बाज थरथरली, नळी सुटून लघवी फरशीवर सांडली आणि टेबलाच्या पायाशी गेली. चंद्रभाननं दोन्ही हातांनी मांड्या दाबून धरल्या. मनकर्णा खाली बसली, पदरानं फरशी पुसायला लागली.

"बघा साहेब," जिनिंगचा वकील म्हणाला.

मेश्राम वकिलांनी सरकारी डॉक्टर बोलावले होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी खिशातून टाचणी काढली आणि चंद्रभानला डोळे मिटायला सांगितलं. "टोचलं की सांगा."

हातावर टोचलं, तो म्हणाला, "हाव." छातीवर टोचलं, "हाव." बेंबीखाली टोचलं. तो वाट बघत होता. मांडीवर, पोटरीवर, तळव्यावर. तळव्यातून रक्ताचा थेंब आला. चंद्रभान डोळे मिटून म्हणाला, "टोचा ना जी. काहून थांबले?"

डॉक्टर साहेबांकडे वळले. "पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तुटलेला आहे. हे पाय उडतात ते याच्या मर्जीनं नाही. अशा रोग्यांचे उडतातच. त्याचा बरं होण्याशी काही संबंध नाही."

"म्हणजे चालू शकणार नाही?"

"नाही."

"कधी?"

"कधीच नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मेश्राम वकिलांच्या चेहऱ्यावर समाधान आलं आणि ते त्यांनी लगेच झाकलं. मनकर्णाच्या हातातला ओला पदर तसाच राहिला. चंद्रभाननं डोळे उघडले नव्हते. टाचणीची वाट बघितल्यासारखे ते मिटलेलेच होते.

शेवटी आनंदराव. जिनिंगच्या वकिलाच्या प्रश्नाला त्यानं पढवलेलं उत्तर दिलं. चंद्रभान त्या दिवशी थप्पीवर नव्हता. आवाज खाली गेला म्हणून साहेबांनी त्याला दोनदा बोलायला लावलं.

मेश्राम वकील उठले. ते रागावले नाहीत. "आनंदराव, त्याला ट्रकमध्ये घातलं तेव्हा तू कोणत्या बाजूनं धरलं होतं?"

आनंदरावानं बाजेकडे बघितलं. तळव्यावरचा थेंब आता वाळला होता.

"पायाकडून," तो म्हणाला.

"कुठून उचललं?"

"ओट्यावरून." मग त्याला थांबता आलं नाही. "थप्पी सरकली साहेब. मले दोर भेटला, त्याले नाई भेटला. आमी त्याले चुकीचं उचललं. मधात वाकवलं. मी तवापासून... माह्याच हातात त्याचे पाय होते."

त्या संध्याकाळी तोही ट्रकमधून परत आला, बाजेच्या पायथ्याशी बसून. चंद्रभान त्याच्याशी बोलला नाही, आणि त्याला उतर असंही म्हणाला नाही. आठवड्याभरात आनंदरावाचं जिनिंगचं काम गेलं. मग तो सावनेरकडे कोळशाच्या खाणीत रोजंदारीवर लागला.

निकाल श्रावणात आला. मनकर्णा एकटी गेली होती. मेश्राम वकिलांनी तिला कागद हातात दिला आणि म्हणाले, "जिंकलो बाई. साहेबांनी लिहिलं, कामावर असतानाच पडला. अपंगत्व शंभर टक्के. कमी नाही केलं काही."

"मंग पैसे?"

"जिनिंगवाले आता हायकोर्टात जातील. अपील करायचं तर पैसे कोर्टात भरावे लागतात, ते भरतील. पन अपील निघेस्तोवर तुम्हाला भेटनार नाहीत."

"किती दिवस?"

वकिलांनी चष्मा पुसला. "सांगता येत नाही."

ती बसनं परत आली. खाप्याला उतरून चिखलातून चालत घरी पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. प्रयागबाई दारातच होती. चंद्रभान भिंतीकडे कुशीवर होता. म्हातारीनंच कशीतरी कूस बदलली असावी, पाय वेडेवाकडे पडले होते. कोर्टातून आल्यापासून सहा महिन्यांत डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं आईला सांगितलं नव्हतं. मनकर्णानंही नाही. पाय अजून रोज उडत होते आणि म्हातारी रोज मोजत होती.

"काय म्हनलं साहेबानं?" प्रयागबाईनं विचारलं.

"जिंकलो, आत्याबाई."

"जिंकलो!" म्हातारीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "अन् कागदावर काय लिवलं? वाचून दाखवलं असन ना वकिलानं."

मनकर्णा चंद्रभानच्या पाठीकडे बघत होती. ती इतकी थकली होती की शब्द आले तसे तोंडातून गेले. "लिवलं, शंभर टक्के."

"शंभर टक्के?" म्हातारीनं ते शब्द हळूहळू तोंडात घोळवले. मग तिचा चेहरा उजळला. "म्हंजे पुरा? शंभर टक्के बरा होते म्हने का साहेब?"

भिंतीकडे तोंड असलेला चंद्रभान हालला नाही. मनकर्णानं तोंड उघडलं. काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं, पण ते म्हणायची जागा घरात कुठेच नव्हती.

"हाव माय," चंद्रभान भिंतीला म्हणाला. "शंभर टक्के."

म्हातारी लगबगीनं आत गेली. उतरंडीतून गुळाचा खडा काढला, फोडला, ताटलीत ठेवला आणि काठी घेऊन बाहेर पडली. मनकर्णानं बाजेजवळ जाऊन त्याच्या खांद्याखाली एक हात घातला, मांडीखाली दुसरा. बाहेर चिखलात प्रयागबाईची काठी एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जात होती, आणि प्रत्येक दारात ती तेच सांगत होती.